रोजा, गोळी आणि हृदय

एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांनी रमजानमध्ये ताट कसे वाढावे?

असरची नमाज आटोपली की भद्रावतीच्या बाजारात वेगळीच लगबग सुरू होते. खजुराचे खोके उघडतात, कलिंगडाच्या फोडी बर्फावर मांडल्या जातात आणि कढईत भज्यांचा पहिला घाणा पडतो. घेणाऱ्यांत सगळेच असतात. आयुध निर्माणीतून सुटलेला कामगार, माजरीच्या खाणीतून परतलेला मजूर, महामार्गावर ट्रक उभा करून आलेला ड्रायव्हर. रोजा धरलेला आणि न धरलेलाही. रमजानच्या समोशाला जातधर्म नसतो.

समजा, या गर्दीत एक माणूस असा आहे की ज्याच्या खिशात रोज एक गोळी असते. दहा-बारा वर्षांपासून तो एचआयव्हीसोबत जगतो आहे. गोळी चुकवत नाही, तीसही रोजे धरतो. तपासणीत विषाणू आढळत नाही, म्हणून घरी जाणत्या दोघा-तिघांना समाधान आहे. पण यंदा रक्तदाब वाढलेला निघाला, कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले, पॅन्टचा पट्टा दोन भोके पुढे सरकला. त्याला वाटते, मोठा आजार आवरला आहे, हे किरकोळ आहे. डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र आता हेच मोठे आहे. असा माणूस आपल्या गल्लीतही असू शकतो. पुरुष असेल, बाई असेल, हिंदू असेल, मुसलमान असेल, बौद्ध असेल. त्याचे नाव कळण्याची गरज नाही. त्याच्या ताटात काय असावे, हे मात्र सगळ्यांना कळायला हवे.

आजार तोच, काळजी नवी

एकेकाळी एचआयव्ही म्हणजे मरणाचा दाखला होता. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि श्रीमंत देशांतले रुग्ण वाचू लागले. पण त्या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी हेच औषध दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी खर्चात देण्याची तयारी दाखवली, तेव्हा जगभर खळबळ उडाली. आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या लाखो गरिबांसाठी औषधाचे दार तिथून उघडले. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. २०१७ पासून तर नियमच झाला की, तपासणीत एचआयव्ही निघाला की लगेच उपचार सुरू करायचे. प्रतिकारशक्ती घटण्याची वाट पाहायची नाही.

याचा परिणाम असा झाला की, तेव्हा तिशीत असलेली माणसे आज पन्नाशी ओलांडत आहेत. मुलांची लग्ने करत आहेत, नातवंडे खेळवत आहेत. महाराष्ट्रात एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांची संख्या चार लाखांच्या आसपास आहे आणि ती देशात सर्वाधिक आहे. ही माणसे आता म्हातारी होणार आहेत, ही आनंदाचीच गोष्ट. पण म्हातारपणासोबत जे आजार सगळ्यांच्या घरी येतात, ते त्यांच्या घरी जरा लवकर आणि जरा जोरात येतात. त्यांत पहिला क्रमांक हृदयविकाराचा.

२०१८ मध्ये 'सर्क्युलेशन' या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. एचआयव्ही असलेल्यांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे दुप्पट असतो, असे त्यात दिसून आले.

हृदयावर भार कशाचा?

कारणे तीन प्रकारची आहेत. पहिले कारण विषाणूच. औषधामुळे तो दबून राहतो, पण शरीरातून पूर्ण जात नाही. त्यामुळे शरीराची पहारेकरी यंत्रणा सतत जागी राहते. आतड्याच्या अस्तरालाही हा विषाणू सुरुवातीलाच इजा करतो आणि तिथले जंतूंचे अंश थोडेथोडे रक्तात झिरपत राहतात. या सगळ्यामुळे शरीरात एक बारीक धग कायम पेटलेली राहते. तिला डॉक्टर दाह म्हणतात. रक्तवाहिनीच्या आतल्या पापुद्र्याला ही धग सोसत नाही. तिथे चरबी लवकर चिकटते, साचते आणि एक दिवस तिथेच गुठळी होऊन रक्त अडते.

दुसरे कारण औषधे. सुरुवातीच्या काळात आपल्याकडे स्टॅव्हुडिन हे औषध फार वापरले गेले. त्याने गाल बसायचे, हातपाय काटकुळे व्हायचे, रक्तातली चरबी वाढायची. ते औषध आता बंद झाले आहे. सध्या बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर या तिघांची मिळून दिवसाला एकच गोळी दिली जाते. ती चांगली आणि सुसह्य आहे. मात्र डोल्युटेग्राविरवर अनेकांचे वजन वाढते, हेही आता दिसून आले आहे.

तिसरे कारण आपले सगळ्यांचेच: मीठ, तेल, साखर, तंबाखू आणि बसून राहणे. पहिली दोन कारणे माणसाच्या हातात फारशी नाहीत. तिसरे मात्र त्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या हातात आहे.

बारीक दिसण्याची भीती

इथे एक अडचण आहे आणि ती औषधाच्या दुकानात सुटत नाही. जुन्या काळी हा आजार माणसाला वाळवून टाकायचा. आफ्रिकेत त्याचे एक नावच 'बारीक करणारा रोग' असे पडले होते. आपल्याकडेही कुणी अचानक रोड झाला की कुजबुज सुरू व्हायची. त्यामुळे रुग्णाला आणि त्याच्या आईला, बायकोला एकच गोष्ट शिकवली गेली: खा, भरपूर खा, अंगाने भर. तूप, मलई, अंडी, बदाम, मटणाचा रस्सा. त्या वेळी ते बरोबरही होते.

आता काळ बदलला, पण ती भीती तशीच राहिली. पोट सुटले तरी घरच्यांना बरे वाटते. 'बघा, कसा भरला आहे, कुणाला संशयही येणार नाही,' असे मनात असते. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितले तर माणूस घाबरतो. वजन उतरले तर लोक काय म्हणतील? म्हणजे आजार लपवण्यासाठी अंगावर चरबी बाळगायची आणि त्या चरबीचा भार हृदयाने वाहायचा. भारतीय पुरुषाचा कमरेचा घेर नव्वद सेंटीमीटरच्या वर आणि बाईचा ऐंशीच्या वर गेला की धोक्याची घंटा समजतात. हे माप एचआयव्ही असलेल्यालाही तितकेच लागू आहे. ज्याची तब्येत स्थिर आहे, वजन चांगले आहे, त्याला जास्तीच्या तुपाची गरज नाही. ज्याचे वजन खरोखरच कमी आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्याने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आहार ठरवावा.

एकादशी, दुप्पट खाशी

उपवासाच्या दिवशी साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि तूप यांचा मारा करणाऱ्यांसाठी मराठीत 'एकादशी, दुप्पट खाशी' अशी म्हण आहे. रोज्याची गत फार वेगळी नाही. दिवसभर पोटाला विसावा आणि मगरिबनंतर दोन तासांत भजी, समोसे, कबाब, लाल सरबत, मग बिर्याणी, मग मिठाई. महिनाभर रोजे धरूनही ईदला वजन वाढलेले असते, ते यामुळे.

इफ्तारला दोन-तीन खजूर आणि माठातले साधे पाणी, ही जुनीच रीत सगळ्यांत चांगली आहे. सोबत पपई, कलिंगड, पेरू यांपैकी एखादे फळ. उकडलेले चणे, त्यावर कांदा, टोमॅटो, लिंबू. हे रोजादाराला भज्यांपेक्षा जास्त वेळ तग देते. मग नमाज पढून यावे आणि थोड्या वेळाने जेवावे. मधल्या वेळेत पोटाला भरल्याची जाणीव होते आणि जेवण आपोआप बेताचे होते. भजी-समोसा अगदी सोडायला नको. रोज चार खाण्याऐवजी आठवड्यातून एक-दोनदा खावा. मात्र तेच तेल पुन्हापुन्हा तापवलेल्या कढईतला नको. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून तळणाच्या तेलाच्या पुनर्वापरावर मर्यादा घातली आहे, पण हातगाडीवर ती कोण तपासणार? घरी तळायचे तर थोड्या तेलात, आणि उरलेले तेल पुन्हा तळणाला न वापरता.

बेकरीची खारी, नानकटाई, टोस्ट हे सहरीच्या चहासोबत फार चालतात. पूर्वी यांत वनस्पती तुपामुळे ट्रान्स फॅट भरपूर असायचे. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची कमाल मर्यादा दोन टक्के झाली, ही चांगली गोष्ट. तरीही मैदा, मीठ आणि चरबी यांचे हे मिश्रण हृदयाला काही देत नाही. सहरीला ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, एक अंडे किंवा वाटीभर दही, एखादी भाजी घेतली तर दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो. लोणचे, पापड, फरसाण सहरीला टाळावे. त्यातल्या मिठाने दिवसभर तहान लागते आणि रक्तदाबही वाढतो. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. एवढेच माणसाला पुरते.

हलीमबद्दल अनेकांचा गैरसमज आहे. गहू, डाळी आणि मटण यांचा हा पदार्थ मुळात पौष्टिक आहे. त्यावर ओतलेले तूप आणि तळलेला कांदा त्याला जड करतो. घरी करताना डाळ-गव्हाचे प्रमाण वाढवावे, मटण चरबी काढून घ्यावे, वरचे तूप चमच्यावर आणावे. पाया आणि निहारी रोजच्या नव्हेत. ईदचा शीरखुर्माही वाटीभर घ्यावा; घरोघरी आग्रह होणार हे धरून प्रत्येक घरी दोन चमचे.

आपल्या भागाकडे या बाबतीत मोठी संपत्ती आहे. विदर्भातली जवसाची चटणी गरिबाच्या घरातही होते. जवसात हृदयाला हितकारक ओमेगा-३ जातीची चरबी भरपूर असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या तलावांतली मासळी ताजी मिळते. तळण्यापेक्षा रस्सा केला तर आठवड्यातून दोनदा खुशाल खावी. अंबाडीची भाजी, मूग, मटकी, चणे हे सगळे इथल्याच हाटात मिळते. हृदयाचा आहार म्हणजे महागडे डबे, असे मानायचे कारण नाही.

गोळीची वेळ

रमजान आला की काहीजण गोळीत परस्पर बदल करतात. कुणी वेळ बदलतो, तर कुणी 'महिनाभराने काय होते' म्हणून थांबवतो. हे अत्यंत धोक्याचे आहे. उपचार मध्येच थांबवून पुन्हा सुरू केले तर काय होते, हे पाहणारा 'स्मार्ट' नावाचा मोठा अभ्यास ३३ देशांतल्या सुमारे साडेपाच हजार रुग्णांवर झाला. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. औषध थांबवणाऱ्यांमध्ये मृत्यू वाढले आणि हृदयाचे त्रासही वाढले. विषाणू मोकळा सुटला की आतली धग भडकते, हे त्यातून कळले.

सुदैवाने सध्याची एकच गोळी रोज्याच्या आड येत नाही. ती दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर, रोज एका ठरावीक वेळी घ्यायची असते. इफ्तारनंतर, तरावीहनंतर किंवा झोपताना अशी वेळ बहुतेकांना सहज जमते. काही बाबतींत मात्र सावध राहावे लागते. तळलेले खाऊन छातीत जळजळ झाली की अनेकजण आम्लपित्ताचे पातळ औषध घेतात. त्यातले ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डोल्युटेग्राविरला पोटात अडवून धरतात आणि औषध रक्तात पुरेसे उतरत नाही. म्हणून गोळी अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या रिकाम्या पोटी सोबत घेऊ नयेत. जेवणासोबत घेतल्या तर चालतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्याने डॉक्टरांना तसे सांगावे, कारण डोल्युटेग्राविरमुळे रक्तात त्याचे प्रमाण वाढते. रोज्यात डोके दुखले म्हणून इफ्तारला डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नये. टेनोफोविर, शरीरातले कमी पाणी आणि वेदनाशामक, हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडावर ताण पडतो.

क्षयरोगाची औषधे चालू असलेल्यांना डोल्युटेग्राविरचा दिवसातून दोनदा डोस लागतो, कारण रिफाम्पिसिन त्याचा प्रभाव कमी करते. त्यांनी रोजा धरण्याआधी चंद्रपूरच्या एआरटी केंद्रात विचारूनच निर्णय घ्यावा.

हृदयासाठीची गोळी

चाळिशी ओलांडलेल्यांसाठी एक नवी माहिती महत्त्वाची आहे. 'रिप्रीव्ह' नावाचा अभ्यास भारतासह १२ देशांत झाला. एचआयव्ही असलेल्या, चाळीस ते पंच्याहत्तर वयाच्या ७,७६९ जणांना त्यात घेतले होते. त्यांना हृदयविकाराचा धोका फार मोठा नव्हता. अर्ध्यांना पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचे औषध रोज दिले, अर्ध्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. २०२३ मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा मोठ्या घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणून वयाने चाळीस ओलांडलेल्या प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा: 'मला स्टॅटिनची गरज आहे का?' दुकानातून परस्पर घेऊ नये, कारण काही जुन्या स्टॅटिनचे एचआयव्हीच्या काही औषधांशी पटत नाही. आणि स्टॅटिन सुरू झाले म्हणून कढईला मोकळीक मिळाली, असेही समजू नये.

खर्रा सोडण्याचा महिना

चंद्रपूर-गडचिरोलीत हृदयाची गोष्ट काढायची आणि खर्ऱ्याचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ही पुडी इथे पाहुणचारासारखी पुढे केली जाते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पानठेल्यावर खर्रा घोटला जातोच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने गडचिरोलीत 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूमुक्तीचे अभियान सुरू झाले, ते याच व्यसनाची खोली पाहून.

रोजादार तेरा-चौदा तास खर्ऱ्याविना, बिडीविना राहतो. म्हणजे शरीराला ते जमते, हे त्याने स्वतःलाच दाखवून दिलेले असते. मग इफ्तारचा खजूर तोंडात असतानाच पानठेल्याकडे पाय का वळावेत? मगरिब ते इशाचा दीड तास सांभाळला तर दिवसाचा मोठा भाग सुटतो. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्या आधीच धगीत आहेत. तंबाखू सोडणे ही त्याने हृदयाला दिलेली सर्वांत मोठी ईदी ठरेल.

रुखसत ही कमजोरी नव्हे

रमजानमध्ये आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोज्यातून सवलत आहे. कुराणातल्या सूरह बकराच्या आयत १८४ आणि १८५ मध्ये ती स्पष्ट सांगितली आहे. बरे झाल्यावर सुटलेले रोजे भरून काढायचे. ज्याला ते कधीच शक्य नाही त्याने गरजूला जेवू घालायचे, म्हणजे फिदया द्यायचा. या सवलतीला रुखसत म्हणतात. ज्याची तब्येत स्थिर आहे, विषाणू दबलेला आहे, मूत्रपिंड ठीक आहे, त्याला डॉक्टर सहसा रोजा धरू देतात. पण नुकतेच उपचार सुरू झालेले, प्रतिकारशक्ती फार खाली गेलेले, इन्शुलिन घेणारे, अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले अशांसाठी रुखसत आहेच. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, तिची नासाडी करून इबादत पूर्ण होत नाही.

रोजा चालू असताना छातीवर दाब आला, दुखणे जबड्याकडे किंवा डाव्या हातात गेले, दरदरून घाम सुटला, दम लागला, तर सूर्यास्ताची वाट पाहू नये. रोजा तिथेच सोडावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

खरी अडचण पुढे आहे. रोजा न धरणाऱ्याला लोक विचारतात, 'का रे, काय झाले?' मधुमेहवाला सांगू शकतो. एचआयव्हीवाला सांगू शकत नाही. म्हणून तो डॉक्टरांनी मना केले तरी रोजा धरतो, किंवा धरल्याचे सोंग करतो आणि गोळी चोरून गिळतो. याचा दोष त्याचा नाही, विचारणाऱ्यांचा आहे. कुणी का रोजा धरला नाही, कुणी का दोनच घास खाल्ले, कुणाच्या खिशात कोणती गोळी आहे, हे विचारणे सोडून द्यायला हवे. आणि कुणी विश्वासाने सांगितलेच, तर तीही अमानत. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय कुणाच्या एचआयव्हीची माहिती उघड करता येत नाही आणि त्यावरून नोकरी, शिक्षण किंवा उपचारात भेदभाव करता येत नाही. शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर कुणीही, नाव न सांगता विचारू शकतो.

एकाच दस्तरखानावर बसल्याने, एका ताटात हात घातल्याने, एका पेल्याने पाणी प्यायल्याने एचआयव्ही होत नाही. ज्याच्या रक्तात उपचारामुळे विषाणू सापडत नाही, त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही, हेही आता सिद्ध झाले आहे. तेव्हा इफ्तारला शेजारी कोण बसले आहे याची चिंता सोडून ताटात काय वाढले आहे याची चिंता करावी. यजमानांनी भज्यांच्या परातीशेजारी फळांची आणि उकडलेल्या चण्यांची परात ठेवली, तर कुणालाही आपले कारण सांगावे लागणार नाही. ज्याला हवे ते तो उचलेल. त्यातला एखादा घास कुणाचे हृदय वाचवणारा असेल, आणि ते कुणाचे, हे कुणाला कळणारही नाही.